बाहुलीपलीकडचा डोळा



 

आपल्या भागात डोळ्याचा आजार म्हटला की मोतीबिंदू. शिबिर मोतीबिंदूचं, गावातली चर्चाही मोतीबिंदूचीच. मोतीबिंदूनं गेलेली नजर शस्त्रक्रियेनं परत येते आणि वर्ष-सहा महिने उशीर झाला तरी बहुधा येते. त्यामुळे डोळ्याच्या बाबतीत ‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. आज मी ज्या आजारांविषयी बोलणार आहे, ते बाहुलीच्या मागे असतात. पुष्कळदा डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, आणि त्या आजारांत गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही. मराठवाड्यात असे रुग्ण तपासताना एक गोष्ट मला सतत दिसत आली आहे. अंध झालेल्यांपैकी पुष्कळ जणांसाठी औषध होतं, यंत्र होतं, डॉक्टरही एसटीच्या अंतरावर होता. बाहुली मोठी करून आत कोणी वेळेवर पाहिलेलं नव्हतं.

आत असतं काय, ते आधी सांगते. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा एक पडदा असतो. एका डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाखांच्या आसपास शंकूपेशी असतात. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, हे सगळं मधल्या दीड-एक मिलिमीटरच्या खोलगट जागेवर अवलंबून. पडद्याच्या पुढे सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक जेली भरलेली असते आणि तिच्यात एकही रक्तवाहिनी नसते. पडद्याला वेदना कळत नाही. त्याच्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. आणि जेलीत रक्तच फिरत नसल्यामुळे तिथे जंतू शिरला, तर त्याला आवर घालणाऱ्या रक्तातल्या पेशी उशिरा पोचतात, सलाईनमधून दिलेलं औषध तर फारच थोडं पोचतं. पुढचं सगळं या तीन गोष्टींतून निघतं.

१८५१ साली हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी त्यांचं डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र जगापुढे ठेवलं. तोवर बाहुलीमागचं सगळं डॉक्टरांसाठीही अंधारातच होतं. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत पडदा दिसू लागला, पण करता येण्यासारखं फारसं नव्हतं. १९२०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिलं की पडदा सुटतो तो त्याला पडलेल्या भोकामुळे, आणि ते भोक बंद केलं तर पडदा परत चिकटतो. त्या आधी पडदा सुटलेला माणूस अंध झाला असंच धरून चालत. मग ९ जुलै १९४५चं सूर्यग्रहण आलं. एका जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्यानं ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या पडद्याच्या मध्यावर भाजल्याचा डाग पडला. गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण डॉक्टरानं तो डाग तपासला आणि त्याला उलटा विचार सुचला: उजेडानं पडद्यावर व्रण होतो, तर तो हवा तिथे मुद्दाम का करू नये? आरशांनी सूर्यप्रकाश डोळ्यात सोडून त्यानं पडद्याची भोकं डागली. आजचं लेझर त्याच वाटेवरचं. १९७०मध्ये मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी बारीक छिद्रातून आत जाऊन ती जेलीच कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्यामुळे आत साचलेलं रक्त, पू, पडद्याला ओढणारी जाळी बाहेर काढणं शक्य झालं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. त्याच्या रुग्णालयाला आपण सगळे घाटीच म्हणतो. मराठवाड्याला डॉक्टर पुरवण्याचं काम या संस्थेनं केलं, पद्मश्री डॉ. तात्याराव लहानेही याच शहरात शिकले. पण पडद्याची शस्त्रक्रिया पुष्कळ वर्षं आपल्या हाताबाहेर होती. पडदा सुटलेला रुग्ण डोळ्यावर पट्टी बांधून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचा, नाही तर अजिंठा एक्स्प्रेसनं हैदराबादला. आज तसं नाही. शहरात पडद्याचे तज्ज्ञ आहेत, स्कॅन आहे, लेझर आहे, शस्त्रक्रिया होते. साठेक किलोमीटरवर जालन्याला गणपती नेत्रालय आहे. अंतर घटलं. उशीर मात्र त्या प्रमाणात घटला नाही, आणि माझ्या काळजीचं कारण ते आहे.

सर्वांत मोठा उशीर मधुमेहात होतो. ‘मॅडम, काल रात्रीपर्यंत चांगलं दिसत होतं,’ असं सांगत माणूस येतो. तो खोटं बोलत नसतो. रक्त काल रात्रीच उतरलेलं असतं. पण ज्या रक्तवाहिनीतून ते उतरलं, ती तयार व्हायला कित्येक वर्षं लागलेली असतात. रक्तातली जास्तीची साखर पडद्यातल्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंती पोखरते. काही ठिकाणी त्या पाझरतात आणि मध्यबिंदूला सूज येते. काही ठिकाणी त्या बंद होतात आणि तिथल्या पेशी उपाशी राहतात. उपाशी पडदा एक रसायन सोडतो, त्याच्या हाकेला नव्या वाहिन्या उगवतात, पण त्या नाजूक, वेड्यावाकड्या, फुटायला टेकलेल्या असतात. या सगळ्या काळात माणूस पेपर वाचतो, गाडी चालवतो, आणि डोळे ठणठणीत आहेत असं मनापासून सांगतो.

आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचं दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या, अनेक राज्यांत चाळिशी ओलांडलेल्यांच्या पाहणीत दर आठ मधुमेहींपैकी एकाच्या पडद्यावर आजाराच्या खुणा सापडल्या, आणि शंभरातल्या चौघांचा आजार नजर जाण्याच्या टप्प्यावर होता. हे आकडे दूरचे वाटत असतील तर या सभागृहातच मोजून पाहा. आपल्यापैकी किती जण शुगरची गोळी घेतात, आणि त्यातल्या किती जणांची बाहुली थेंब टाकून गेल्या वर्षभरात मोठी केली गेली? चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी यात धरायची नाही. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झालं त्याच दिवशी पडद्याची पहिली तपासणी हवी, कारण आजार त्याआधी काही वर्षं अंगात असतोच. पुढे दरवर्षी. मधुमेही बाईला दिवस गेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच.

लेझरबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला दोनदा सांगते. लेझरनं नजर वाढत नाही. कडेचा उपाशी पडदा भाजून शांत केला जातो, म्हणजे मधला वाचतो. अमेरिकेत १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या चाचणीत या उपायानं गंभीर अंधत्वाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पण रुग्णाच्या दृष्टीनं त्यानं पैसे दिले, डोळा चुरचुरला, आणि हाती आलं ते पूर्वीइतकंच किंवा किंचित मंद दिसणं. तो दुसऱ्या बैठकीला येत नाही. गावात सांगतो, लेझर करून उपयोग झाला नाही. म्हणून लेझरच्या आधीची दहा मिनिटं मला लेझरइतकीच महत्त्वाची वाटतात. जे समजावलं जात नाही ते टिकत नाही.

२००५च्या सुमारास डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली आणि चित्र खरोखर पालटलं. ती उपाशी पडद्याच्या त्या रसायनाला अडवतात. मध्यबिंदूची सूज उतरते, पुष्कळांची नजर सुधारतेही. यातलं एक औषध मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी बनलेलं, त्यामुळे डोळ्याच्या मात्रेत फार स्वस्त पडणारं. उतारवयात मध्यबिंदूत फुटणाऱ्या वाहिन्यांच्या आजारावर ते महागड्या औषधाच्या तोडीचं आहे, हे २०११च्या अमेरिकी चाचणीनं दाखवलं. गरीब देशांतल्या किती डोळ्यांना या स्वस्त औषधानं वाचवलं, याची मोजदाद व्हायला हवी. पण स्वस्ताईची एक अट आहे. कर्करोगाच्या मापाची एक कुपी अनेक सिरिंजमध्ये वाटावी लागते, आणि त्या वाटपात एक जंतू शिरला तर त्या दिवशीचे सगळे डोळे धोक्यात. २०१६च्या सुरुवातीला गुजरातेत असे रुग्ण निघाल्यावर देशाच्या औषध नियंत्रकांनी या वापराबद्दल इशारा काढला. पुढे काही आठवड्यांत तो मागेही घेतला. माझं मत स्पष्ट आहे: औषध वाईट नाही, स्वच्छ जागेत न केलेलं वाटप वाईट आहे.

इथून मी डोळ्याच्या आतल्या संसर्गाकडे वळते. मधुमेहाचा पडदा आपल्याला काही वर्षांची मुदत देतो. संसर्ग काही तासांची देतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, आजीला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा लाल होतो, ठणकतो आणि दिसायला लागलेलं घड्याळ पुन्हा धूसर होतं. यातली तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. शस्त्रक्रियेनंतर दिसणं रोज थोडं सुधारायला हवं. उलट जात असेल तर आत जंतू आहेत असं समजून त्याच दिवशी डोळा दाखवायचा. दर हजारात एखाद्यालाच हे होतं, पण देशात वर्षाकाठी लाखो शस्त्रक्रिया होतात. घरी मात्र काय होतं? मुलगा गावातल्या औषधाच्या दुकानातून थेंब आणतो. कुणी सांगतं, टाके असतील, लाल होणारच. शनिवार असतो. सोमवारी जाऊ, असं ठरतं. त्या दोन रात्रींत काही जंतू पडद्याचं होत्याचं नव्हतं करतात. सूडोमोनास त्यातला एक, आणि आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा अशा आक्रमक जंतूंचं आणि बुरशीचं प्रमाण जास्त आढळतं.

रुग्ण आला की करायचं काय, हे तीस वर्षांपासून बऱ्यापैकी ठरलेलं आहे. १९९५ साली अमेरिकेत ४२० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांनी त्या रुग्णांच्या नजरेत काही फरक पडला नाही. ज्यांना फक्त उजेड कळत होता, त्यांची जेली ताबडतोब काढल्यानं फायदा झाला. इतरांना जेलीचा नमुना घेऊन डोळ्यातच औषध सोडणं पुरेसं ठरलं. आम्ही आजही तेच करतो. एक दशांश मिलिलिटरात एक मिलिग्रॅम व्हॅन्कोमायसिन आणि तितक्याच द्रवात सव्वादोन मिलिग्रॅम सेफ्टाझिडीम. मात्रा बनवताना दशांशचिन्ह एक घर सरकलं तर औषधच पडद्याला मारक ठरू शकतं, म्हणून ते पातळ करण्याचं काम दोघांनी मिळून, मोठ्यानं वाचत करायचं असतं. त्याआधी काढलेला नमुना प्रयोगशाळेत जातो. काचपट्टीवर रंग देऊन पाहिलं की तासाभरात कळतं, जंतू कोणत्या गटातला, की बुरशी. ही काचपट्टी रात्री अकरा वाजता आणि रविवारीही पाहिली गेली पाहिजे. आपल्या शहरात डोळ्यांच्या यंत्रांवर होणारा खर्च मी पाहते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका माणसाच्या रात्रपाळीवर त्याचा छोटा वाटा खर्च झाला तरी कितीतरी डोळे वाचतील.

हे टाळण्याचे उपाय तर आणखी साधे आहेत. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन सोडणं, हा १९९१पासून सिद्ध झालेला, अतिशय स्वस्त उपाय. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात प्रतिजैविकाचा थेंबभर डोस सोडणं, हा दुसरा. मदुराईच्या अरविंद नेत्रालयांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७मध्ये मांडला: मॉक्सिफ्लॉक्सासिन असं वापरल्यावर संसर्गाचं प्रमाण दहा हजारांत सातावरून दोनवर आलं. सहा लाख डोळ्यांची नीट ठेवलेली नोंदवही हा मला त्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

महाराष्ट्रानं याची दुसरी बाजूही पाहिली आहे. २०१५ साली वाशिमला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर वीसेक रुग्णांच्या डोळ्यांत संसर्ग झाला आणि त्यांना उपचारांसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यावं लागलं. बातम्या आल्या, संताप झाला, तो रास्तच होता. दोष कुणाचा हे चौकशी ठरवते. मला त्यातून एवढंच सांगायचं आहे की, एकाच टेबलावर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दुसऱ्या रुग्णाचा डोळा लाल झाला, की त्या क्षणी थिएटर बंद व्हायला हवं, वापरलेल्या द्रवाच्या बाटल्या, नळ्या, पाणी यांचे नमुने जायला हवेत आणि त्या यादीतल्या प्रत्येकाला घरून बोलावून आणायला हवं. बदनामीच्या भीतीनं घालवलेला एक दिवस यादीतल्या आठव्या-दहाव्या माणसाला भोवतो.

संसर्ग शस्त्रक्रियेतूनच येतो असं नाही. आपल्याकडे अंगात कणकण आली, थकवा आला की सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. ‘दोन बाटल्या चढवल्या की तरतरी येते’, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. दूषित द्रवातली बुरशी शिरेतून निघून डोळ्यात जाऊन बसू शकते. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २०००च्या सुमारास असे रुग्ण नोंदवले, ज्यांना ग्लुकोजची एकच बाटली लावली होती आणि नंतर डोळ्याच्या आत बुरशी वाढली. गरज नसलेली सलाईन नाकारणं हा डोळा वाचवण्याचाही मार्ग आहे, हे गावोगावच्या डॉक्टरांनी आणि त्याहून जास्त रुग्णांच्या नातेवाइकांनी ऐकावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. आपल्या शहराची भाकरी इथल्या कारखान्यांतून येते. छिन्नीवर हातोडा बसतो, लोखंडाचा तिळाएवढा कण उडतो आणि डोळ्यात शिरतो. जखम इतकी बारीक असते की पाण्यानं डोळा धुऊन माणूस पाळी पूर्ण करतो. कण आत राहिला तर दोन गोष्टी होऊ शकतात. लोखंड हळूहळू गंजतं आणि तो गंज पडद्याला विषासारखा मारतो, महिनोन्‌महिने. किंवा त्या कणाबरोबर मातीतला बॅसिलस आत गेला असेल, तर दिवस-दीड दिवसात डोळा संपतो. अशा डोळ्याचा सीटी स्कॅन करायचा, एमआरआय कधीही नाही, कारण चुंबकानं आतलं लोखंड हलतं. पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा काही शेकड्यांत मिळतो. कंत्राटी कामगाराला तो कोणी द्यायचा, यावर वाद घालण्यात आपण फार दिवस घालवले. शेतात हेच काम पऱ्हाटीचा काटा, उसाचं पातं आणि बाभूळ करतात. तिथे बुरशी जास्त, आणि ती हळू वाढते, म्हणून आणखी फसवी. बुबुळावर पांढरा डाग दिसला की स्टेरॉईडचे थेंब टाकणं म्हणजे बुरशीला खतपाणी.

बुरशीचं नाव निघालं की २०२१ आठवल्याशिवाय राहत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस आला. नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत. ही बुरशी रक्तवाहिन्यांतच शिरते. पडद्याची मुख्य धमनी बंद पडली की नजर काही तासांत कायमची जाते. अनियंत्रित शुगर आणि स्टेरॉईड, या दोहोंनी तिला वाट करून दिली. त्या मे महिन्यात केंद्रानं राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. अँफोटेरिसिनची इंजेक्शनं मिळेनात, नातेवाईक चिठ्ठी घेऊन शहरभर फिरत होते, आणि इंजेक्शनच्या वाटपाचा प्रश्न इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला. जीव वाचवण्यासाठी पूर्ण डोळा काढावा लागलेली माणसं आजही तपासणीला येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे त्या आजारपणातच पहिल्यांदा कळलं होतं.

विशी-तिशीतल्या एखाद्या तरुणाच्या डोळ्यासमोर अचानक काळे धागे तरंगू लागतात आणि तासाभरात सगळं लालसर-काळं होतं. शुगर नाही, मार नाही. हा बहुधा ईल्सचा आजार. १८८०मध्ये बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी वर्णन केलेला, पण आज आपल्या देशात जास्त दिसणारा. पडद्याच्या शिरांना सूज येते, आणि क्षयाच्या जंतूशी त्याचा संबंध वारंवार आढळला आहे. औषधं, लेझर, गरज पडली तर शस्त्रक्रिया, यांनी पुष्कळदा चांगली नजर राखता येते. पण दुसऱ्या डोळ्यातही तो येतो, म्हणून बरा दिसणारा डोळा आधी तपासायचा.

पडदा सुटण्याचंही इथेच सांगून टाकते. जास्त नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी नीट ऐकावं. डोळ्यांच्या कोपऱ्यात विजा चमकल्यासारखं वाटणं, एकाएकी डास उडाल्यासारखे ठिपके वाढणं, आणि मग एका बाजूनं काळी सावली सरकत येणं. ओल चढलेल्या भिंतीचा रंग सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. मध्यबिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याची नजर टिकण्याची शक्यता फार मोठी. शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर सांगितलेले दिवस मान खाली ठेवायची, आणि तो विरघळेपर्यंत विमानात बसायचं नाही. उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब चढून नजर जाऊ शकते. वायूच्या प्रकारानुसार याला दोन आठवडे ते दोन महिने लागतात.

आता सर्वांत लहान रुग्ण. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या पडद्याच्या वाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. पेटीत ठेवून, ऑक्सिजन देऊन बाळ जगवलं जातं. त्या वाहिन्या मात्र वाट चुकतात, रान माजल्यासारख्या वाढतात आणि पडदा ओढून काढतात. १९४२मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी हा आजार वर्णिला. १९५१मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी बेहिशेबी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. आपल्याकडे नवजात अतिदक्षता विभाग जिल्ह्या-जिल्ह्यात झाले, पूर्वी न जगणारी बाळं जगू लागली, ही मोठी मिळकत आहे. तिच्याबरोबर हा आजारही आला. नियम सोपा आहे: ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर तिसाव्या दिवसाच्या आत पडदा तपासायचा, २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आजार उपचाराच्या टप्प्यावर दिसला तर दोन-तीन दिवसांत लेझर किंवा इंजेक्शन. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयानं नवजात विभागांत जाऊन अशी तपासणी करण्याचं काम केलं आहे, आणि ते पाहिल्यावर बाळाला डॉक्टरकडे नेण्याऐवजी डॉक्टरनं बाळाकडे जाणं किती फरक पाडतं हे कळतं.

पण बीड, जालन्याच्या बाईचं बाळ असेल तर तिसावा दिवस कुठे येतो? ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी निघते, आणि बाळ आईसोबत पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर जातं. दवाखान्याच्या कागदावर ‘नेत्रतज्ज्ञांना दाखवणे’ असं लिहिलेलं असतं, तारीख नसते. मार्चमध्ये ती परतते तेव्हा बाळ नजर देत नाही म्हणून आजी घेऊन येते, आणि तोवर पडदा पूर्ण सुटलेला असतो. इथे मला कुणी विचारलं की एकच गोष्ट बदलायची तर कोणती, तर मी सांगेन: सुट्टी देण्याआधी, बाळ पेटीत असतानाच पहिली तपासणी, आणि पुढच्या तपासणीची तारीख व कारखान्याजवळच्या दवाखान्याचं नाव आशाताईंच्या वहीत.

मधुमेहाबाबत मार्ग मुंबईनं दाखवला आहे. डॉ. एस. नटराजन यांच्या चमूनं मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती फोनला जोडलेला कॅमेरा दिला. फोनमधल्याच संगणकीय प्रणालीनं, इंटरनेटशिवाय, पडद्याचे फोटो तपासले. २०१९मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे पाठवायला हवेत असे रुग्ण त्या यंत्रानं फार चांगले ओळखले. फोटो काढायला नेत्रतज्ज्ञ लागला नाही. पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोडच्या रुग्णालयांत मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला रांग लागते. त्याच रांगेत, त्याच दिवशी, वर्षातून एकदा प्रत्येकाच्या दोन्ही पडद्यांचा फोटो निघाला पाहिजे. वेगळ्या दिवशी वेगळ्या गावाला बोलावलं, की निम्मे येत नाहीत. रोजगार बुडतो, सोबतीला माणूस लागतो. फोटोत दोष दिसलेल्यांची यादी दर आठवड्याला कुणाच्या टेबलावर जाते, हेही आधी ठरलं पाहिजे, नाही तर फोटोंचा ढीग साचतो आणि माणूस तसाच राहतो.

शेवटी, ज्यांची नजर आम्हाला परत देता येत नाही त्यांच्याविषयी. ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य आमच्या खोलीत फार सहज उच्चारलं जातं. उरलेल्या कडेच्या नजरेचा वापर शिकवता येतो, भिंग आणि मोठ्या अक्षरांचा फोन देता येतो, पांढरी काठी धरून मोंढ्यातून चालायला शिकवता येतं, दिव्यांग प्रमाणपत्रासाठीचा कागद त्याच दिवशी भरून देता येतो. आणि एक डोळा गेलेला माणूस बहुधा दवाखान्यात यायचं थांबतो. खर्च झाला, उपयोग झाला नाही, असं त्याला वाटतं. त्याचा दुसरा डोळा मात्र त्याच शुगरवर, त्याच शरीरात असतो. म्हणून त्याच्या हातात कागद देताना त्यावर दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीची तारीख लिहिलेली असली पाहिजे, आणि त्या तारखेला तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी आमच्याकडून त्याला फोन गेला पाहिजे.